तात्यांची ब्रनो

साडेसहा वर्षांनी रायफल घरी आली, आणि आली ती आम्ही ज्या चादरीत गुंडाळून दिली होती त्याच चादरीत. मोराची सोलापुरी चादर, आज्जीच्या पेटीतली. अप्पा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत बसले होते, मी दिवाणावर चादर उलगडत गेलो आणि पहिला वास आला तो गंजाचा, ओल्या लोखंडाचा, मग दिसलं की चादरीचे धागे नळीला चिकटलेत आणि जिथं जिथं घडी बसली होती तिथं तिथं नळीवर तांबूस पट्टा उठलाय. अप्पा काहीच बोलले नाहीत. उठून आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले, स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी.

तात्या म्हणजे माझे आजोबा. २०१८ ला गेले. घरात लायसन असलेला माणूस गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम २१ प्रमाणे पोलीस ठाण्यात नाहीतर लायसन असलेल्या दुकानदाराकडं जमा करावं लागतं. आम्ही दुकानात जमा केलं. मग वारस म्हणून माझा अर्ज, काकांची आणि दोन्ही आत्यांची संमती, ॲफिडेव्हिट, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, व्हेरिफिकेशन, मधे कोरोना, मधे निवडणुका, असं करत करत २०२५ च्या जानेवारीत, सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू होती त्या आठवड्यात, रायफल माझ्या नावावर होऊन हातात आली. दुकानाचं नाव घेत नाही. दरवर्षी जमा फी वेळेवर भरली होती, आणि एवढ्या वर्षांत एकदाही कुणी ती चादर सोडून नळीवरून तेलाचं फडकं फिरवलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. पण चादर आमची होती हेही खरं आहे. सुती कापड ओल धरून ठेवतं, लोखंडाला ते गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवायचं नसतं, हे तेव्हा आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. आम्ही मायेनं गुंडाळली होती. कुणाच्या घरी असं काही जमा करायची वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा, भरपूर तेल लावा आणि कापडात गुंडाळू नका.

आता रायफलबद्दल. ही ब्रनो मॉडेल २, पॉइंट टू टू बोअरची, म्हणजे नळीचं भोक पॉइंट टू टू इंचाचं. ब्रनो हे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातलं, आताच्या झेक प्रजासत्ताकातलं शहर, तिथल्या झब्रोयोव्का ब्रनो कारखान्याची ही बनावट. पहिलं महायुद्ध संपल्यावर सुरू झालेला हा कारखाना. फौजेतल्या मशीनगनला ब्रेन गन म्हणायचे ना, त्या नावातलं पहिलं अर्ध ह्याच ब्रनोचं आणि दुसरं अर्ध इंग्लंडातल्या एनफिल्डचं, कारण ब्रेनचा मूळ नमुना ह्याच कारखान्यातला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी छोट्या बोअरची मॉडेल १ काढली, पुढं पन्नासच्या दशकात मॉडेल २, आणि त्याच घराण्यातून नंतर सीझेड ४५२ आली जी जगभर गाजली. आमच्या नळीवर प्रूफचा, म्हणजे नळी तपासून पास केल्याचा, सिंहाचा बारीक शिक्का आहे आणि त्याच्या शेजारी ६१ असा आकडा, म्हणजे १९६१ ची. अप्पांपेक्षा नऊ वर्षांनी लहान. पाच काडतुसांचं मॅगझिन, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, मागं सरकतं साईट ज्यावर मीटरचे आकडे कोरलेत आणि पुढं माशीवर, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुंटावर, गोल टोपण. टोपण हरवलं होतं, त्याच्याबद्दल पुढं सांगतो.

आपल्याकडं जुन्या लोकांकडं ब्रनो, बीएसए, आन्शुट्झ असल्या रायफली बऱ्यापैकी सापडतात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बाहेरून हत्यारं आणून विकणं बंद झालं, त्यामुळं जे आधी आलं तेच घराघरांतून फिरत राहिलं, आजोबांकडून नातवाकडं. म्हणून एक जरी गंजून गेली तरी तिच्या जागी दुसरी सहज येत नाही.

तात्यांची शेती नान्नजच्या बाजूला. तेव्हा तिकडं माळच माळ होता, काळविटांचे कळप होते, माळढोक होता. तात्या तितरासाठी, सश्यासाठी रायफल घेऊन जायचे, हे लपवण्यात अर्थ नाही, त्या काळात सगळेच जायचे. १९७२ ला वन्यजीव कायदा आला आणि त्याच साली तो मोठा दुष्काळ, माळावर गवताची काडी नाही. अप्पा सांगतात की त्या वर्षी तात्यांनी रायफल भिंतीवर टांगली ती परत माळावर नेली नाही. पुढं १९७९ ला तिथं माळढोकसाठी अभयारण्य झालं. त्यानंतर दसऱ्याला पूजा, महिन्यातून एकदा तेल, आणि वर्षातून एखाद वेळा रेंजवर जाऊन कागदावर पंचवीस-तीस काडतुसं, एवढंच तिचं आयुष्य. माझ्या लहानपणी रविवारी सकाळी तात्या अंगणात पोतं अंथरून बोल्ट काढायचे, चाप दाबून धरायचा आणि बोल्ट मागं ओढायचा की तो अलगद हातात यायचा, आणि मला नळीतून आकाश बघायला द्यायचे. आत गोल गोल फिरत गेलेल्या रेघा दिसायच्या. मी विचारायचो हे कशाला, तर म्हणायचे, "भोवरा फिरला की सरळ उभा ऱ्हातोय ना, तसंच हाय ते."

पंचेचाळिशीत त्याचं गणित केलं. ह्या बोअरला साधारण सोळा इंचात रेघांचा एक फेरा असतो, गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास निघते, म्हणजे नळीतून बाहेर पडताना ती सेकंदाला जवळजवळ आठशे गिरक्या घेत असते. तात्यांचा भोवरा.

तर जानेवारीत मी ठरवलं की हिला परत उभं करायचं. दोन गोष्टी आधीच स्पष्ट ठेवल्या. लोखंडाच्या आतलं काम, म्हणजे चाप, स्प्रिंग, फायरिंग पिन, हे लायसन असलेल्या आर्मररनंच, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारागिरानंच करायचं, कायद्यानंही तसंच आहे आणि अकलेनंही. आणि बाहेरची साफसफाई, लाकूड, हे मी स्वतः करायचं.

पहिलं काम गंज. सगळ्यांनी सांगितलं की नळी पॉलिश करून नवीन ब्ल्यूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळा-काळा राखणारा थर, मारून घे, काळीभोर चकचकीत होईल. मी नाही केलं. जुनं ब्ल्यूइंग जिथं टिकलं होतं तिथं त्याला एक खोल निळा-काळा रंग होता, सांजेच्या वेळी सिद्धेश्वर तलावाच्या पाण्याला असतो तसा, आणि पॉलिशच्या चाकावर धरली की तो रंग तर जातोच पण शिक्के आणि अक्षरांच्या कडाही झिजून गोल होतात. मग ती रायफल कुठलीही असू शकते, तात्यांची राहत नाही. म्हणून मी नळीला पातळ तेल लावून दोन दिवस मुरू दिलं आणि मग तांब्याच्या जुन्या पैशानं गंज खरवडला. हे मला एका रिटायर्ड सुभेदार काकांनी शिकवलं. तांबं लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळं ते गंज उचलतं पण खालच्या निळ्याला ओरखडा पाडत नाही. आज्जीच्या देव्हाऱ्यातले सुपारीबरोबर ठेवलेले जुने पैसे होते, त्यातला एक विचारून घेतला. रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास, एक एक इंच. कडेनं कडेनं तेल लाल व्हायचं, पुसायचं, परत तेल. जिथं पैशानं जमेना तिथं एकदम बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात बुडवून. घरातली भांडी घासायची तारेची घासणी चुकूनही वापरू नका, ती निळं खरवडून काढते. एकवीस रात्री लागल्या. पट्टे गेले पण जिथं चादरीची घडी होती तिथं बारीक बारीक खड्डे राहिले, बोट फिरवलं की लागतात. ते राहू दिले.

नळी आतून कशी असेल याची मला खरी भीती होती. तात्यांसारखं आकाशाकडं धरून बघितलं, पहिल्यांदा काहीच दिसेना, नुसता काळा धूर. मागच्या बाजूनं, म्हणजे बोल्ट काढून, गज घातला, ओलं फडकं, मग ब्रास ब्रश, मग परत फडकं. पुढच्या तोंडाकडनं गज घालायचा नाही, तोंडाची कड जरा जरी झिजली तरी नेम बिघडतो. सातव्या की आठव्या फडक्याला ते जरा पांढरं निघालं, परत आकाशाकडं धरलं, आणि रेघा दिसल्या, स्वच्छ, चमकणाऱ्या, लहानपणी बघितल्या होत्या तशाच. मी अप्पांना हाक मारली, "अप्पा, इकडं या की जरा." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एक डोळा मिटून बघितलं, बराच वेळ बघत राहिले.

आतलं का वाचलं ते पुढं आर्मररनी सांगितलं. टू टूची गोळी शिशाची, तिच्यावर मेणाचा हात असतो, आणि आताच्या काडतुसांचा मसाला पूर्वीसारखा लोखंड खाणारा नसतो, त्यामुळं फायर झाल्यावर आत जो थर राहतो तो उलट राखतोच. तात्यांनी शेवटच्या वेळी फायर करून तेल मारून ठेवली होती. त्यांच्याच हातचा तो थर साडेसहा वर्षं टिकला.

हे आर्मरर चाचा पुण्याचे, सत्तरी पार केलेले. कागदपत्रं घेऊन रायफल त्यांच्याकडं नेली कारण मला फायरिंग पिनची शंका होती. रिमफायर म्हणजे काय ते इथं सांगतो, कारण सगळी गंमत त्यात आहे. मोठ्या काडतुसाला बुडाच्या मधोमध छोटी टोपी असते, त्यावर पिन आपटते. टू टूला ती टोपीच नाही, बुडाची जी दुमडलेली कड असते तिच्या आत मसाला फिरवून बसवलेला असतो आणि पिन त्या कडेवर आपटते, कड चेपली की मसाला पेटतो. टू टूचं हे लाँग रायफल नावाचं काडतूस १८८७ पासूनचं, आणि ते आजही तसंच चालतंय. आता पिन कडेवर आपटते म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी अगदी जवळ आपटते, त्यामुळं रिकामी रायफल उगाच खटाखट दाबत बसलं की पिन थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, कडेवर बसून तिथं खाच पाडू शकते. लहानपणी मी एकदा तसं केलं तेव्हा तात्यांनी आयुष्यात एकदाच माझ्या हातातून वस्तू हिसकावून घेतली होती. तेव्हा रडलो होतो. कारण आत्ता कळलं.

चाचांनी भिंग लावून चेंबर बघितला, म्हणाले, "किसीने संभाला है इसको." बारीक खूण होती पण काडतूस अडकण्यासारखी नाही. स्प्रिंग मात्र मेली होती. एक रिकामं डब्बल ठोका खाल्लेलं काडतूस त्यांनी दाखवलं, कडेवर इतका हलका ठसा की नखानंही नीट लागू नये. नवीन स्प्रिंग घातली, रिकामं काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरखाली साठलेला कोळसा काढला, आणि माशीवरचं टोपण त्यांच्याकडच्या जुन्या डब्यातनं शोधून काढलं, तिसऱ्या डब्यात सापडलं. पैसे किती विचारलं तर स्प्रिंगचे घेतले, टोपणाचे घेतले नाहीत.

आता लाकूड, ज्याच्यात माझा सगळ्यात जास्त जीव गेला. कुणीतरी, बहुतेक नव्वदच्या आसपास, दस्त्यावर फर्निचरचं चकचकीत वॉर्निश मारून ठेवलं होतं. ते ठिकठिकाणी पोपडे धरून उडालं होतं, बाकी ठिकाणी पिवळट झालं होतं. सँडपेपर मारायचा मोह आवरला, कारण कोपऱ्यांवर, जिथं लाकूड लोखंडाला चिकटतं तिथं, एकदा लाकूड खाली बसलं की लोखंड वर दिसायला लागतं आणि ते कधीच परत येत नाही. रिमूव्हर लावून प्लास्टिकच्या पट्टीनं हळूहळू काढलं. खाली अक्रोड निघाला. फिकट, कोरडा, तहानलेला, पण रेषा अशा की नदीच्या पात्रात पाणी ओसरल्यावर वाळूवर राहतात तशा.

दाबल्याचे खड्डे काढायला ओलं सुती फडकं ठेवून वरनं गरम इस्त्री फिरवायची, वाफेनं दबलेलं लाकूड परत फुगून वर येतं. सात-आठ खड्डे असे वर आले, डोळ्यांदेखत. मग पुढच्या भागावर, डाव्या बाजूला, एक बोटाच्या पेराएवढी खोक होती, तिरकी. तिच्यावर फडकं ठेवलं आणि इस्त्री उचलली तेवढ्यात अप्पा मागनं म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे." मी विचारलं का. तर म्हणाले, "बैलगाडीच्या चाकाची धाव लागली होती तिथं. मी धरली होती रायफल, माझ्या हातनं निसटली. दहा-अकरा वर्षांचा होतो. तात्यांनी एक शब्द बोलला नाही मला." एवढं बोलून अप्पा बाहेर जाऊन बसले. ती खोक तशीच आहे. आता रायफल धरली की माझं डावं बोट आपोआप तिथंच बसतं.

तेल लावायला आधी मी लाकडी घाण्यावरचं ताजं जवसाचं तेल आणलं. आपल्या सोलापुरात जवस म्हणजे चटणी, घराघरात असते, मला वाटलं जवसाचंच तेल तर लावायचंय. चार दिवस झाले तरी चिकट, आठ दिवस झाले तरी चिकट, आणि मार्चमधली सोलापूरची धूळ त्याच्यावर बसून सगळा दस्ता खरखरीत. सगळं पुसून काढावं लागलं. मग मधल्या मारुतीजवळच्या हार्डवेअरवाल्यानं सांगितलं की तुम्हाला डबल बॉइल्ड पाहिजे, रंगारी वापरतात ते, त्याच्यात सुकवणारी द्रव्यं असतात. ते आणलं. चार-पाच थेंब तळहातावर घ्यायचे, लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं, पंधरा मिनिटांनी जादाचं सगळं पुसून टाकायचं, दोन दिवस थांबायचं. असे आठ हात दिले. आपल्या एप्रिलच्या उन्हाळ्यानं इथं मदतच केली, हवा कोरडी, तेल पटकन वाळायचं. तिसऱ्या हातानंतर लाकडाचा रंग असा उघडायला लागला की मी रोज सकाळी चहाच्या आधी जाऊन बघायचो. आणि घरभर जवसाचा वास, बायको म्हणाली आज्जी खलबत्त्यात चटणी कुटायची तेव्हा असाच वास यायचा.

एक धोक्याचं आवर्जून सांगतो. ह्या तेलाची फडकी चुरगाळून एका कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, फडकी एकावर एक असली तर उष्णता आत कोंडते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात, काडी न लावता. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. मी प्रत्येक फडकं पाण्यात बुडवून मग दोरीवर एकेकटं पसरून वाळवायचो.

मेच्या शेवटी रेंजवर नेली. पन्नास मीटर. टार्गेटवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे शेंगदाण्याएवढाच म्हणा. ह्याच अंतरावर, ह्याच टू टूच्या काडतुसानं, आपल्या कोल्हापूरकडच्या तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली आणि स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला ब्रॉंझ आणलं. त्यांच्या रायफली वेगळ्या, खास मॅचच्या. पण अंतर तेच, काडतूस तेच, आणि तिथं पालथं पडून एक डोळा मिटला की त्या दोघांबद्दलचा आदर छातीत नीट उतरतो.

जुन्या जीन्सचा पाय शिवून त्याच्यात मालदांडी ज्वारी भरून पिशवी केली होती, त्यावर रायफल टेकवली. पहिलं काडतूस घातलं. चाप दाबला. टक. काहीच नाही. नळी टार्गेटकडंच ठेवून तीस सेकंद थांबलो, कारण कधी कधी मसाला उशिरा पेटतो, घाईत बोल्ट उघडायचा नसतो. मग उघडलं, काडतुसाच्या कडेवर ठसा बरोबर होता, खोल, म्हणजे पिन आणि स्प्रिंग व्यवस्थित, ते एक काडतूसच खराब. दुसरं घातलं.

तिचा आवाज मी विसरलो होतो. मोठ्या रायफलीसारखा कानठळ्या बसवणारा नाही, कानावरच्या मफमधून तर नुसती ओल्या चादरीला झटका दिल्यासारखी फट, खांद्याला जाणवेल न जाणवेल असा धक्का, आणि माशी जागची हलतच नाही, त्यामुळं आपण काय चूक केली ते आपल्याला दिसतं. मोठी रायफल चूक झाकते, ही झाकत नाही. श्वास अर्धा सोडून थांबायचं, बोटाच्या पेराच्या मधल्या भागानं सरळ मागं दाबायचं. पहिली पाच सगळीकडं पसरली. साईट सरकवलं, पुढची पाच जरा जवळ आली पण खाली. मग दोन-तीन कंपन्यांची काडतुसं आणली होती ती बदलून बघितली, कारण टू टूला प्रत्येक नळीची आपली आवड असते, शेजारच्याच्या रायफलीत सुंदर चालणारं काडतूस आपल्या रायफलीत पसरतं, ह्याला इलाज नाही, मारून बघणं हाच इलाज. आवाजाच्या वेगापेक्षा कमी वेगाचं, स्टँडर्ड व्हेलॉसिटीचं काडतूस हिला आवडलं. सगळी महागडी जलद काडतुसं तिनं नाकारली.

अप्पांना मी मागं खुर्ची दिली होती आणि टार्गेट बघायची दुर्बीण स्टँडवर लावून दिली होती. त्र्याहत्तर वर्षांचे, गुडघे दुखतात, पण सकाळी सहापासून तयार होऊन बसले होते, तात्यांची जुनी टोपी घालून. मी मारायचो आणि मागनं आवाज यायचा. "नऊ. उजवीकडं." "आठ, खाली." "थांब जरा, घाई करालायस." शेवटच्या मॅगझिनला मी बोट त्या खोकेवर ठेवलं, पिशवीवर हात सैल सोडला, आणि चार मारली. मागनं आवाज नाही. मी वळून बघितलं तर अप्पा दुर्बिणीतून डोळा न काढता बोटानं हवेत काहीतरी मोजत होते.

"चारी एकाच ठिकाणी हायत की रे," म्हणाले. "दोन रुपयाच्या नाण्याखाली झाकतील. पाचवं शिल्लक हाय ना?"

"हाय."

"मग मार की. मी बघालोय."